शंभर वर्षांचा धूर

नागपुरात मला खोली मिळाली ती बोटांच्या वासावर.

मी तेव्हा पंचविशीत होतो. इंदोरा वस्तीतल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो आणि जवळपास जागा शोधत होतो. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं पत्ता सांगितला तो असा : "कोणत्याही रिक्षावाल्याला चिलीमवाल्याचं घर विचारा. पण त्या घरात पाऊल टाकल्यावर चिलीम हा शब्द काढू नका." घरमालक रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बाबू होते. त्यांना तोंडावर सगळे पार्सलबाबू म्हणत आणि पाठीमागे चिलीमवाले. अंगणातल्या खाटेवर बसून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पार्सलवरचा पत्ता वाचावा तसं विचारलं, "बिडी?"

"नाही."

"सिगरेट? पान-तंबाखू?"

"नाही हो."

"सगळेच नाही म्हणते. हात पुढे करा." मग त्यांनी घरात हाक मारली, "अवं, बाहेर ये नं! पाह्य बरं यायचे बोटं."

कणकेचे हात पदराला पुसत त्यांची बायको बाहेर आली. तिनं माझा उजवा हात धरला, बोटं नाकाशी नेली, हुंगली, आणि मग नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाली, "साफ हाये. मास्तर हाये म्हणे नं? खडूचा वास येते."

"पक्कं?"

"नाई तं तुमीच पाहा."

हा टोमणा होता, पण ते मला पुढे कळलं. पार्सलबाबूंना वास येतच नसे. वर्षानुवर्षं तपकीर ओढून त्यांचं नाक पार बाद झालं होतं. संत्र्यांच्या हंगामात पार्सल ऑफिसात पाऊल ठेवलं की बाहेरच्या माणसाला डोळे मिटून उभं राहावंसं वाटे, आणि हे तिथं टोपल्यांच्या डोंगरात बसून विचारत, "आज काय मिरच्या आल्या का?" तंबाखूचा त्यांना इतका राग, मग तपकीर कशी चालते, असं मी एकदा भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "तपकीर औषध हाये, मास्तर. तंबाखू येसन हाये." हे सांगताना त्यांनी डबीवर टिचकी मारली आणि औषध घेतलं.

मला अपराधी वाटायला गुन्हा लागत नाही. दुसऱ्याच्या वर्गातली मुलं दंगा करत असली तरी मीच ओशाळतो. त्यामुळे बोटं साफ निघाल्यावरही त्या दिवशी मला पास झाल्यासारखं वाटलं नाही. आपलं काहीतरी पकडायचं राहून गेलं आहे, असंच वाटत राहिलं.

*

त्या घराच्या पुढच्या खोलीत एक काचेचं शोकेस होतं. पार्सलच्या फुटक्या खोक्यांच्या फळ्यांतून बनवलेलं, आत गार्डच्या जुन्या हिरव्या झेंडीचं कापड ताणून बसवलेलं, आणि त्या हिरव्यावर वीस-बावीस चांदीच्या नळ्या. मी नळ्या म्हणतो. पार्सलबाबू पाइप म्हणत. बर्मा, सयाम आणि त्यापलीकडच्या डोंगरांत राहणाऱ्या जमातींचे तंबाखू ओढायचे पाइप होते ते. काही वीतभर, काही हातभर लांब. कुणाच्या वाटीवर, म्हणजे जिथं तंबाखू भरतात त्या तोंडावर, एवढासा पक्षी बसलेला. कुणाच्या दांडीवर तारेचं बारीक विणकाम. कुणाला लांब साखळी आणि साखळीच्या टोकाला वाटी कोरायची सळई. तिकडच्या डोंगरांत चांदी नाही, असं पार्सलबाबू सांगत. आपल्याकडचा राणीछाप रुपया व्यापाऱ्यांच्या कनवटीतून तिकडे जायचा आणि ते लोक तो वितळवून दागिने करायचे, पाइप करायचे. "राणीले वितळवली अन् तिची नळी केली," ते म्हणत, "असा बदला इंग्रजाचा कोणीच घेतला नाई."

ते दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत पलटणीबरोबर बर्मात गेले होते. बंदूक घेऊन नव्हे. स्टोअरमध्ये बूट, घोंगड्या आणि डबे सांभाळायला. तिथून ते एक पाइप घेऊन परत आले आणि बाकीचे पुढे नागपुरात बसून जमवले. हावडा मेलचा एक गार्ड त्यांचा दोस्त होता. कलकत्त्याच्या बाजारात नजर ठेवून तो माल आणायचा. बर्मातून परत पाठवलेली आपल्याकडची कुटुंबं गाडीनं जायची, त्यांच्याकडूनही एखाददुसरा पाइप मिळायचा. गार्डला पार्सलबाबूंची एकच ताकीद असे : साफसुथरा पाहिजे, वापरलेला खराब माल नको. घराचा वरचा मजला भिंतींपर्यंत येऊन अडला होता. तो का अडला हे मावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं की त्या शोकेसकडे हनुवटी करत. "वरचा मजला त्यात ठेवला हाये. कुलूप लावून."

किल्ली पार्सलबाबूंच्या कमरेला असायची. दर रविवारी सकाळी ते आंघोळ करून, बुद्धाच्या तसबिरीला फूल वाहून, भिंग घेऊन शोकेसपुढे बसत. पाइपला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती. "वस्तू आपली आपण कधी फुटत नाई, मास्तर," ते म्हणत. "तिले कोणी तरी फोडते. तीस वर्षं डॅमेज पाहून राह्यलो मी. वस्तूले माणसापासून वाचवा लागते." पाइप ओढणाऱ्यांबद्दलही त्यांचं मत चांगलं नव्हतं. "ओढणारा माणूस धुराकडे पाह्यते. पाइपाकडे पाह्यतो तो मी."

त्यांना हवं होतं एकच. शहरातल्या वस्तुसंग्रहालयात एक काचेचं कपाट, त्यात हे पाइप आणि वर पितळेच्या पट्टीवर त्यांचं नाव. निवृत्ती जवळ आली होती. "रिटायर झालेला माणूस म्हणजे अनक्लेम्ड पार्सल," ते मला म्हणाले होते. "मालक येत नाई, अन् फेकताही येत नाई. सारी जिंदगी मले पार्सलबाबू म्हणते. माह्यं नाव तरी कोणाले मालूम हाये? एका पट्टीवर तरी असलं पाह्यजे." मला ते फार पटलं. आणि आज इतक्या वर्षांनी मीही त्यांना पार्सलबाबूच म्हणतो आहे.

*

पहिला पाइप, लढाईतून आणलेला, शोकेसच्या मध्यभागी असे. आखूड, जाडसर, दिसायला सगळ्यांत साधा. वाटीला एक बारीक चीर आणि साखळी लांब. त्याची गोष्ट आलेल्या प्रत्येकाला ऐकावी लागे. बर्मातल्या शान डोंगरातली एक म्हातारी. दारात बसून ती पाइप ओढत होती. हे तिथून चालले होते. तिनं हाक मारली, बसवलं, आणि निघताना ओठांतला पाइप काढून यांच्या हातात दिला. एवढा भाग कायम असे. बाकीचा पाहुण्याच्या योग्यतेप्रमाणे वाढे. शेजारी आले असले तर तिला ताप होता आणि यांनी कुनैन दिलं. कुणी शिकलेला आला तर ती एका सरदाराची विधवा होती. स्टेशन मास्तर आले होते त्या दिवशी तिनं यांना मुलगा मानलं आणि डोंगर उतरेपर्यंत हात हलवत उभी राहिली. तिच्या हातांवरच्या सुरकुत्या, गोंदण, हसताना दिसणारा एकच दात, सगळं ते अशा मायेनं सांगत की ऐकणाऱ्याला ती समोर बसलेली दिसावी.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत. एकदा पाहुणे गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "मास्तर, माह्या हातावर काय गोंदलं हाये, विचारा बरं त्यायले." मी विचारलं नाही. तेव्हाही मला वाईट वाटलं होतं.

मी चित्रकला शिकवतो हे कळल्यावर पार्सलबाबूंनी मला कामाला लावलं. संग्रहालयाला दाखवण्यासाठी प्रत्येक पाइपचं मापातलं पेन्सिल-चित्र. मी नाही म्हणू शकलो नाही. मला ते येतच नाही. रविवारी ते पाइप धरून बसायचे आणि मी काढायचो. पहिल्या पाइपच्या वाटीच्या आतला काळा थर मी हलका रंगवला तेव्हा ते एकदम अस्वस्थ झाले. "गडद करा, मास्तर, गडद करा! याच्यासाठी तं सारं चाललं हाये. शंभर वर्षांचा धूर हाये हा. त्या म्हातारीचा, तिच्या मायचा, तिच्या आजीचा."

मी गडद केलं. दोन महिन्यांनी चित्र पक्कं करायला तोच पाइप पुन्हा समोर आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की शंभर वर्षांचा धूर थोडा वाढला आहे.

*

एका शनिवारी शाळा लवकर सुटली आणि मी भर दुपारी घरी आलो. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर, लिंबाच्या सावलीत, मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक पाय लांब, डोळे अर्धे मिटलेले, ओठांत तो मधला पाइप, आणि साखळी छातीवरून लोंबत होती. त्या दचकल्या नाहीत. धूर बाजूला सोडून म्हणाल्या, "उभे काहून, मास्तर? उनात पाय भाजून राह्यले असतील. इकडे सावलीत या."

मी सावलीत गेलो. काय बोलावं हे न कळून म्हणालो, "पण किल्ली तर पार्सलबाबूंच्या कमरेला असते."

"किल्ली समोरच्या काचेची हाये. मागची फळी कोणी ठोकली? मीच धरली होती ती, त्यायनं खिळे मारले तवा. तीन खिळे वाकडे गेले."

मग त्यांनी सांगितलं. माहेर मौद्याकडचं, पण लहानपण कामठीला गेलं होतं, आईबरोबर बिड्या वळण्यात. चालता येऊ लागल्यापासून मांडीवर सूप आणि सुपात तंबाखू. आई ओढायची, मावश्या ओढायच्या, याही ओढू लागल्या. लग्न झालं, नवरा रेल्वेत, आणि पहिल्याच दिवशी बंदी. "म्या सोडली. बिलकुल सोडली. पोरी झाल्या, त्यायचे लग्न झाले, तोवर हात नाई लावला."

"मग?"

"मग काय! रोज उठून ती म्हातारी आयकाची. म्हटलं पाहू तं खरं, काय होतं तिच्यात." त्यांनी पाइप ओठांतून काढून त्याच्याकडे बघितलं. "बाकीचे नाई लावत मी तोंडाले. हाच. चांगला हाये गा. थंड येते याचा धूर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी नाही म्हणू न शकणारा माणूस आहे हे त्यांना नेमकं कळलं. "मास्तर, आजवर कामठीहून कोणी आलं तं त्याच्याकडून मागवत होती. गल्लीतल्या दुकानातून तंबाखू आणली तं मोहल्ल्यात डांगोरा होते. तुमी शाळेतून येताना इतवारी बाजाराकडून येत जा नं. बिडीची मागा. कामठीची म्हणा."

त्या दिवसापासून खादीचा सदरा घालणारा, सुपारीही न खाणारा मी, बिडीच्या कारखानदारांच्या दुकानात उभा राहून कामठीची तंबाखू मागू लागलो. ही पुडी खिशात घालून मी रविवारी पार्सलबाबूंसमोर बसे, आणि ते मला तंबाखूनं फुप्फुसाचं काय होतं ते सांगत. शाळेतल्या पोट्ट्यांनी मला दुकानात पाहिलं. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं आणि बापाच्या मायेनं म्हणाले, "तरुण वय आहे. सोडून द्या." मी "हो, सोडतो" म्हणालो. सत्य सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

नवीन भाडेकरू आले की बोटं हुंगायचं काम अजूनही मावशींकडेच होतं. एका माणसाला त्यांनी नाकारला. तो गेल्यावर मी विचारलं, "ओढत होता का?"

"नाई गा. पण बोलत किती होता!"

*

दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर देशोदेशीचे लोक येत. छपन्नच्या दीक्षेपासून पार्सलबाबूंचा नेम होता की त्या दिवसांत एका तरी भन्तेंना, म्हणजे बौद्ध भिक्षूंना, घरी जेवायला आणायचं. एका वर्षी चक्क बर्माकडचे एक वृद्ध भन्ते मिळाले. जेवण झाल्यावर पार्सलबाबूंनी शोकेस उघडलं. भन्ते पाइप बघून लहान मुलासारखे हसले. "दादी," ते मोडक्या हिंदीत म्हणाले, "मेरी दादी, बहुत पीती," आणि गाल आत ओढून त्यांनी आजीची नक्कल केली. पार्सलबाबू धन्य झाले. मधला पाइप त्यांनी दोन्ही हातांनी भन्तेंपुढे धरला. भन्ते वाकले, त्यांचं नाक थांबलं. त्यांनी हळूच दाराकडे पाहिलं. दारात मावशी हात जोडून उभ्या होत्या. भन्तेंनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली, खूप वेळ डोलावली. पार्सलबाबू पुढे वर्षभर सांगत होते, "भन्तेजी त्या पाइपाले नमन करून गेले."

*

अखेर संग्रहालयातून माणूस आला. माणूस म्हणजे एक बाई. तिशीच्या, जाड चष्म्याच्या, ईशान्येच्या डोंगरांत दोन वर्षं काम करून आलेल्या. पार्सलबाबूंनी त्या दिवशी रजा काढली होती. कोट घातला होता. पोह्यांवर तर्री वाढू का विचारायला आलेल्या मावशींना त्यांनी डोळ्यांनीच परत पाठवलं. पितळेच्या पट्टीचा नमुना त्यांनी आधीच करून आणला होता, तो कोटाच्या खिशात होता. माझी चित्रं टेबलावर मांडली होती.

बाईंनी चित्रं पाहिली, छान आहेत म्हणाल्या आणि बाजूला ठेवली. मग त्यांनी पाइप एकेक करून उचलायला सुरुवात केली. हात लावायला बंदी असलेल्या वस्तू त्या भाजीवाल्याकडची दोडकी निवडावी तशा उचलत होत्या. पार्सलबाबू प्रत्येक पाइपाखाली स्वतःची ओंजळ धरत होते.

"ही नळी बाजारातली," बाई म्हणाल्या. "ही पण. ही पण."

"बाजारातली म्हणजे? मॅडम, कलकत्त्याहून मागवली हाये!"

"म्हणजे विकायला केलेली. ओढायला नाही. चांदी आहे, काम बरं आहे. पण आत बघा, धूर कधी गेलाच नाही."

"साफ हाये म्हणूनच तं घेतली!"

"तेच तर," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. डॉक्टरांच्या बोलण्यात नसतो तसा. हळूहळू शोकेस रिकामं झालं आणि टेबलावरची एकच रांग लांब होत गेली. राहिला मधला पाइप. बाईंनी तो उचलला, करंगळी वाटीत घातली, बाहेर काढून उजेडात पाहिली आणि पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकल्या.

"ही मात्र खरी. कुठं मिळाली?"

पार्सलबाबूंच्या जिवात जीव आला. म्हातारी सुरू झाली. कुनैन आलं, सरदाराची विधवा आली, मुलगा मानणं आलं. बाई ऐकत होत्या आणि करंगळी हुंगत होत्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, "आणि हल्ली हिच्यात कोण ओढतं?"

"हल्ली?" पार्सलबाबू हसले. "मॅडम, शंभर वर्षांचा धूर हाये तो."

"असेल. पण वरचं कीट अजून चिकट आहे. वासही ताजा आहे."

पार्सलबाबू क्षणभर गोंधळले. मग आयुष्यभराच्या सवयीनं, वासाचा प्रश्न आला की करत तेच त्यांनी केलं. आत हाक मारली. "अवं, बाहेर ये नं! पाह्य बरं, याले वास येते का?"

मावशी आल्या. त्यांनी पाइप हातात घेतला. तो हातात कसा बसला ते बाईंनी पाहिलं, मीही पाहिलं. मावशींनी वाटी नाकाशी नेली, हुंगली.

"येते," त्या म्हणाल्या.

"कायचा?"

"माह्याच."

मग पार्सलबाबूंनी फार हळू विचारलं, "कवापासून?"

"धाकटीचं लगन झालं तवापासून."

"अन् तंबाखू? तंबाखू कोण आणून देल्ली तुले?"

माझ्या आयुष्यातला हा मोठा क्षण होता. मी उभा राहिलो. "मी आणून दिली," मी म्हणालो. "सगळा दोष माझा आहे." कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. थोडा वेळ उभा राहून मी परत बसलो.

बाईंनी चष्मा पुसला. त्या म्हणाल्या, "कपाट देता येणार नाही. पण हा एक पाइप आम्ही घेऊ. खालच्या चिठ्ठीवर वस्तू काय, कुठली, कुणाच्या वापरातली, एवढं लिहितो. मी तर म्हणते, डोंगरातल्या त्या म्हातारीनंतर या बाईंचंही नाव घालावं. वस्तू एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे आली आणि चालू राहिली. असं सहसा सापडत नाही."

"तिचं?" पार्सलबाबू म्हणाले. "माह्या घरची बाई तंबाखू ओढते, हे तुमी काचेत ठेवान? साऱ्या नागपूरले दाखवान?"

मावशी पाइप हातात घेऊन उभ्या होत्या. "माह्यं नाव लिवसान तं न्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "नाई तं राहू द्या. मले दुपारी लागते."

*

त्यानंतर त्या घरात जे मौन पसरलं त्याची पोस्टाची पेटी मी झालो. "मास्तर, तिले विचारा, चहा ठेवते का." "मास्तर, त्यायले सांगा, साखर सरली." दोघं एकाच खोलीत, चार हातांवर बसलेली असत. पार्सलबाबू कामावर जात, येत, आणि शोकेसकडे पाठ करून बसत. बाईंना उत्तर द्यायचं होतं. एकीकडे संग्रहालयातली एकमेव जागा, आयुष्यात मिळणारी एकमेव. दुसरीकडे त्यांनी तीस वर्षं भाडेकरूंची बोटं हुंगवून राखलेली अब्रू. रात्री त्यांचं खोकणं ऐकू यायचं आणि मला वाटायचं, हे सगळं मीच इतवारीहून पुडीत बांधून आणलं आहे.

मग एका दुपारी ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. मीही घरीच होतो, परीक्षेचे कागद तपासत. माझ्या खिडकीतून मागचं अंगण दिसे. मावशी दगडावर बसल्या होत्या, पाइप पेटलेला होता. नवऱ्याला पाहूनही त्यांनी तो विझवला नाही. पार्सलबाबू उलट्या बादलीवर बसले.

"ओढ," ते म्हणाले. "मले पाहू दे."

"कायले?"

"पेटलेला पाइप मी कधी पाह्यलाच नाई नं वं."

मावशींनी झुरका घेतला. धूर वर गेला, आणि पाइपाकडेच बघणारा तो माणूस, धुराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हातारी नव्हतीच."

"काय?"

"म्हातारी. नव्हती कोणी. बर्मात असताना एका वेळी... पलटणीतला एक पोट्टा होता. त्यानं कुठून तरी आणला होता हा. त्याच्या पायातले बूट गेले होते. मी त्याले स्टोअरमधला जोड देल्ला, त्यानं मले हा देल्ला. मी डोंगरावर गेलोच नाई कधी. खालीच डिपोत होतो."

मावशींच्या हातातला पाइप तसाच राहिला. "म्हणजे इतकी वर्षं मी तिच्या नावानं जळून राह्यली, ती...?"

"नव्हती."

"गोंदण? तो एक दात?"

"ते मी आपलं... सांगता सांगता आलं."

मला वाटलं आता पाइप भिंतीवर फुटणार. मावशी हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग खोकत खोकत, मग पदर तोंडाशी धरून. "अजी, कमाल हाये तुमची," त्या म्हणाल्या. "नसलेल्या बाईचे सारे दागिने मालूम तुमाले! अन् माह्या हातावर काय हाये, सांगा बरं?" त्यांनी हात पदराखाली घेतला.

पार्सलबाबूंनी बराच वेळ विचार केला. "फूल?" ते म्हणाले.

"विंचू हाये," मावशी म्हणाल्या, आणि हात त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कोटाच्या खिशातून भिंग काढलं आणि तो हात उजेडात धरून पाहिला. माझे कागद तसेच राहिले. मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते संग्रहालयात गेले, मला बरोबर घेऊन. बाईंसमोर उभे राहून त्यांनी सांगितलं की म्हातारी खोडून टाका. बाईंनी विचारलं, मग मूळ कुठलं लिहू? "मालूम नाई." कुणी वापरलं? पार्सलबाबूंनी मावशींचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, एकेक अक्षर सावकाश, आणि बाईंनी बरोबर लिहिलं की नाही ते वाकून पाहिलं. बाई म्हणाल्या, खात्रीचं म्हणायला एवढंच राहिलं आहे. देणाऱ्याचं नाव नियमाप्रमाणे सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात जाईल. "चालते," ते म्हणाले.

*

मी नागपूर सोडण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर तो पाइप पाहायला गेलो. ते निवृत्त झाले होते. आठवड्यातून एकदा कोट घालून ते तिथं जात. पाइप एका कोपऱ्यात होता, त्याच्या एका बाजूला भाल्याची टोकं आणि दुसऱ्या बाजूला कसली तरी टोपली. चिठ्ठी पिवळी पडायला लागली होती. तिथल्या रखवालदाराला त्यांनी सगळी गोष्ट पूर्वीच सांगितली होती, आणि या वेळी त्यात कुनैन नव्हतं, विधवा नव्हती. त्या दिवशी रखवालदारानं स्टुलावरून उठून त्यांना जय भीम केला आणि चिठ्ठीकडे बोट दाखवून विचारलं, "बाबूजी, वस्तू तं इथं अडकली. मंग आता मावशी कायनं ओढते?"

पार्सलबाबू काचेवरची धूळ रुमालानं पुसत होते. मागे न वळता ते म्हणाले, "त्या बाजारातल्या नळ्या हायेत नं बाकीच्या, खोट्या? त्या ओढून ओढून खऱ्या करून राह्यली. एकेक घेऊन. मी भरून देतो."